हळदी-कुंकू बदक कुठं बसतं

तोंडाची फटकळ म्हणून मी आमच्या गल्लीत प्रसिद्ध आहे, आणि त्याचं मला कधी वाईट वाटलं नव्हतं. ब्लाऊज वेळेवर शिवून झालं नाही म्हणून भांडायला आलेली बाई माझ्या दारातून चहा पिऊन, वर माफी मागून जाते. पण त्या सोमवारी संध्याकाळी मी अप्पांना जे बोलले, ते बोलायला नको होतं.

लग्नसराई होती. नवरीचं ब्लाऊज हुक लावून टेबलावर ठेवलं होतं. अप्पांचा उजवा हात दिवाळीतल्या अर्धांगाच्या झटक्यापासून लोंबतो, डाव्या हातानं चहा घेतात. कप घसरला आणि सगळा चहा त्या मोतिया सिल्कवर. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "त्या झटक्यातच गेला असता तर तुमीबी सुटला असता अन् आमीबी!"

अप्पा म्हणाले, "व्हय."

झटक्यानं अप्पांची सगळी भाषा गेली. मराठी गेली, घरातली कानडी गेली, रेल्वेतली हिंदी गेली, उरला हा एक शब्द. जेवलात का? व्हय. अजून जेवायचंय? व्हय. कुत्रं चावलं? व्हय. डॉक्टर म्हणाले, आत किती समजतं ते सांगता येत नाही. मी धरून चालले की काहीच समजत नाही. तसं धरलं की बोलायला सोपं जातं.

दुसऱ्या दिवशी सहाला उठले तर अप्पांचं अंथरूण रिकामं. परसात नाहीत, मठाच्या पायरीवर नाहीत. काठी नव्हती, गळ्यात दोरीनं बांधलेला बटणांचा फोनही नव्हता. अव्वा, म्हणजे अप्पांची आई, म्हणाली, "तळ्याकडं गेला आसंल गं." मी तळ्याच्या मातीच्या भरावावर पळाले. आमचा तलाव होटगीच्या अलीकडं, एक फेरी मारायची तर अकरा किलोमीटर. गुढीपाडवा होऊन चार दिवस झाले होते, पाणी आत आत सरकलं होतं, आणि मागं उरला होता गाळ. तो गाळ वरून वाळून भेगा पडलेला असतो, ढोर गेलं तरी चालेल असं वाटतं. खाली मात्र आंबील. दरवर्षी एखादी म्हैस जाते त्यात.

अप्पा एक पाय ओढत चालतात. मी फोन लावला.

उचलला. "अप्पा, कुटं हाय तुमी?"

"व्हय."

"तळ्यावर हाय का?"

"व्हय."

"स्टेशनावर?"

"व्हय."

भरावाच्या दगडावर डोकं आपटावंसं वाटलं. पण श्वास ऐकू येत होता, तोकडा, घाईचा, आणि मधेच चुळुक असा चिखलाचा आवाज. म्हटलं, "रुतलाय का तुमी?"

"व्हय," म्हणाले, आणि त्या व्हयमध्ये रडू होतं. ते मला बरोबर कळलं.

आता एक सांगायला हवं. अप्पा म्हणजे रुद्रप्पा, रेल्वेत कीमन. होटगी सेक्शनला तीस वर्षं रोज रूळ चालले, हातोडीनं ठोकत. आवाजावरून कुठं ढिलं आहे ते कळायचं त्यांना. ड्यूटी सुटली की तोच कान घेऊन तळ्यावर. पाखरांचे फोटो काढायला सोलापूरचे कॅमेरेवाले यायचे, अप्पा त्यांच्यात डोळे मिटून उभे राहायचे आणि सांगायचे, त्या बेशरमीच्या झुडपात अडई शीळ घालतीय, नाल्याच्या उथळात थापट्या हाय, मधल्या खोल पाण्यात लालसरी. मलाही न्यायचे लहानपणी, दानेश्वरीची त्यांनी दाने केली होती. "डोळा फसवतो, दाने. आदी कान, मग जागा, मग डोळा. कुठलंबी बदक कुटंबी बसत न्हाय. आवाज कळला की जागा कळली." मला झोप यायची. चौदाव्या वर्षी मी सांगितलं, तुमची बदकं तुमच्यापाशी, आणि परत कधी गेले नाही.

ते सगळं त्या भरावावर एकदम आठवलं. जीभ गेली तरी शीळ गेली असं कोण म्हणालं? पाच महिन्यांत मी त्यांना एकदाही विचारलं नव्हतं.

"अप्पा, ऐका. तुमच्याजवळ कुठलं बदक बोलतंय? ते काढून दाखवा. नाव नगं, आवाज काढा."

मग फोनमधून आलं, नाकातून, लांब, तुतारी ओली झाल्यासारखं: आंग… आंग… आंग.

चक्रवाक! जसाच्या तसा. ज्या माणसाला पाणी मागता येत नाही त्याच्या घशातून अख्खा चक्रवाक. आणि चक्रवाक कुठं बसतो हे मला झोपेतही माहीत. त्याला झाडी नको, उघडा मुरमाड काठ हवा आणि समोर मोकळं पाणी. म्हणजे पश्चिमेचा माळ, तिथल्याच काठच्या गाळात रुतले असणार. तलावाच्या पार पलीकडं.

बिरप्पामामा गाळपेर करतात, म्हणजे पाणी ओसरलं की उघड्या पडलेल्या जमिनीत कलिंगडं लावतात, आणि पावसाळा येईपर्यंत तिथंच, नाल्याच्या अंगाला, खोपीत राहतात. अप्पांचे जुने सोबती. मला पळताना बघून ते भरावावर आले होते, त्यांच्या मोटारसायकलवर बसले. गावातली पोरं भरावाकडून शोधायला लागली होती, पोलिसांना फोन गेला होता, एकशे आठलाही. मी सगळ्यांना ओरडून सांगितलं, पश्चिमेला हाय, मला कळलंय! रस्ता म्हणजे नुसते धोंडे. बिरप्पामामा शिव्या घालत होते, गाडीला की मला ते विचारलं नाही.

आठ वाजून गेले होते. माळावर चिटपाखरू नव्हतं. एक टिटवी आमच्या डोक्यावर बोंबलत फिरली, तेवढीच. काठावर बदकांची वाळलेली शिट आणि दोन तांबूस पिसं. मी "अप्पा, अप्पा" करत पाण्यापर्यंत पळाले. पाऊल नाही, काठी नाही, काही नाही.

"पर तू हिकडं का आणलंस मला?" बिरप्पामामा म्हणाले.

"चक्रवाक ओरडत होता त्यांच्याजवळ. त्यांनीच आवाज काढून दाखवला."

मामा माझ्याकडं बघतच राहिले. "कुटला चक्रवाक, पोरी? शिमगा झाला अन् गेलं की ते उत्तरंला. पंदरा दिस झालं, एक न्हाय तळ्यावर."

वीस वर्षं तळ्याकडं न फिरकलेल्या बाईला हे कुठून माहीत असणार! मला चक्रवाकाची जागा पाठ होती, त्याची तारीख नव्हती. आणि मग रागच आला, अप्पांचाच. इथं आम्ही जीव टाकून पळतोय आणि हे नसलेल्या पाखराचा आवाज काढतायत. अव्वाला फोन लावला आणि तिच्यावरच ओरडले, "त्यांचं डोकं गेलंय सगळं! गेलेले चक्रवाक ओरडून दाखवतायत मला!"

"एनंदी?" अव्वा म्हणाली, काय म्हणालीस म्हणून. मग तिचा आवाज फुटला. "अगं मुडदे, ती तुजी हाक हाय की गं! तू बारकी असताना भरावावर खेळत बसायचीस, हा पलीकडनं तसा वरडायचा. दानेश्वरी म्हणून हाक मारली तर निम्म्या पाण्यात बुडती म्हणायचा, चक्रवाकाची पार जाती. तू पळत सुटायचीस. इसरलीस?"

विसरले होते. साफ विसरले होते. मी विचारत होते कुठं आहात, आणि ते म्हणत होते, दाने, ये. आणि मी भलत्याच दिशेनं तासभर पळत होते. असली चूक दुसऱ्या कुठल्या घरात झाली नसती. दुसऱ्या कुठल्या पोरीला चक्रवाक कुठं बसतो हे माहीतच नसतं.

परत फोन लावला. वाजला, वाजला, वाजला. उचलला एकदाचा. श्वास आता बारीक झाला होता.

मी काही विचारलं नाही. तोंडाला हात लावला आणि ओरडले, आंग, आंग. कसलं ते, कोकरू चेंगरल्यासारखं. पण पलीकडं अप्पांचा श्वास एकदम थांबला, आणि मग लांब सुटला.

"अप्पा, मी दाने. येतीय मी. आता तुमी गप ऱ्हावा. काय काढू नगा, बोलू नगा. मी ऐकते."

फोन कानाला गच्च दाबला, दुसऱ्या कानात बोट घातलं. मामांनी गाडी बंद केली. आधी नुसतं वारं. मग त्या वाऱ्यात एक कोरडी सळसळ, लांब पात्यांवर पाती घासल्याची. ऊस असेल? उसाची सळसळ जाड असते. ही बारीक होती. आणि मग एकदम इतक्या जवळ की मी फोन कानापासून दूर केला: क्वाक! क्वाक, क्वाक, क्वाक, क्वाक, पहिलं मोठं आणि पुढची उतरत उतरत गेलेली. मादीच अशी ओरडते. चोचीच्या टोकाला हळद, मुळाशी कुंकवाचे दोन ठिपके, म्हणून हळदी-कुंकू बदक. ते कुठं जात नाही उत्तरेला-बित्तरेला, बारा महिने आपल्याकडंच. त्यानंतर जरा वेळ सळसळ, काहीतरी गवतात शिरल्यासारखी, आणि सगळं शांत.

"पाणकणीस," मी म्हणाले. "मामा, नाल्याच्या तोंडाशी. पाणकणसात हायेत."

मामांनी किक मारली. नाल्याचं तोंड उत्तरेला. शहराकडून येणारं पाणी तिथं बारा महिने पडतं, त्यामुळं पाणकणीस माजलेलं, दीड-दोन किलोमीटर लांब, माणसाच्या डोक्यावर हातभर उंच. पोहोचलो तेव्हा नऊ वाजले होते आणि ऊन चटचट लागत होतं. मी काठावर उभी राहून बेंबीच्या देठापासून ओरडले. त्या पात्यांनी आवाज गिळून टाकला. फोन चालूच होता. "अप्पा, माजा आवाज आला का?" काही नाही. "अप्पा!" नुसता श्वास. एक श्वास, मग बरंच काही नाही, मग एक श्वास.

दोन किलोमीटर पाणकणीस, खाली गाळ, एकेक पाऊल चाचपत जायचं. दुपार झाली असती. आणि तोवर तो श्वास टिकला नसता, हे मला स्वच्छ दिसत होतं. मग मला सुचलं.

"अप्पा, ऐकताय न्हवं? ते बदक तुमच्याजवळ हाय. त्याला उडवा. हात आपटा, चिखल फेका, काय बी करा. ते वर उडालं की मला कळंल तुमी कुटं हाय. उडवा, अप्पा."

मी पात्यांच्या शेंड्यांवर डोळे लावले. मामाही टाचा उंच करून बघत होते. काही उडालं नाही.

"उडवा की वो! ऐकू येतंय का? पाया पडते तुमच्या, उडवा!"

फोनमधून घशात काहीतरी अडकल्यासारखा आवाज आला. दोनदा आला. आणि मग, तुटक, पण पुरता शब्द:

"न्हाय."

पाच महिन्यांत पहिल्यांदा. म्हणजे समजत होतं. सगळं समजत होतं. औषधाला कंटाळून मी जे बोलले ते, शेजारणीपुढं त्यांची नक्कल केली ती, अंथरूण बदलताना जे पुटपुटले ते, आणि काल संध्याकाळचं. एकेक शब्द आत गेला होता, आणि बाहेर यायला दार एकच होतं, व्हय.

तिथंच रडत बसले असते. पण अप्पांचाच धडा डोक्यात ठणठण वाजायला लागला, आधी कान, मग जागा. न्हाय का म्हणाले? अप्पा पक्षीवेडे होते, येडे नव्हते. पाण्यावरचं बदक उडवलं तर ते दुसरीकडं जाऊन बसतं, त्याचं काही जात नाही. जीव जायची वेळ आली तर त्यांनी नक्की उडवलं असतं. न्हाय म्हणाले म्हणजे ते उठलं तर काहीतरी मरणार होतं. हे असलं ऊन, आणि…

"मामा, अंडी! ते अंड्यावर बसलंय."

"चैत्रात? पावसाळ्यातली वीण हाय त्येची."

"नाल्याला बारमाही पाणी हाय, त्याला पावसाळा कोण सांगणार? मघाशी ते चरून आलं, वरडलं अन् बसलं. मी ऐकलं की. मामा, हे बदक अंडी पाण्यात घालत न्हाय, कोरड्यात घालतं, उंचवट्यावर, गवतात. ह्या पाणकणसात कोरडं कुटं हाय?"

बिरप्पामामांनी डोळे मिटले. त्या गाळाचा हात-हात त्यांना ठाऊक. "दोन जागा. एक जुना बांद, पर तितलं गवत परवाच जळालं. दुसरा," त्यांनी बोट केलं, "बुडीत हिरीचा ढीग. हिर खणली तवाची माती. दोनशे पावलं आत."

मामांच्या खोपीतून बाज घेतली, कडब्याच्या पेंढ्या घेतल्या, दोर घेतला. पेंढी टाकायची, तिच्यावर पाय द्यायचा, मागची उचलून पुढं टाकायची. पाती तोंडावर सपासप लागत होती. मी पुढं होते. मामा म्हणत होते, हळू, आवाज करू नगंस. मी आवाज करतच होते.

पाती संपली आणि ढीग दिसला. अप्पा त्याच्या अलीकडं छातीपर्यंत गाळात. डावा हात ढिगावर टाकलेला, त्यात फोन, मान एका बाजूला कललेली. ओठ काळे पडलेले. आणि हातापासून वीतभर अंतरावर, गवतात, ते बदक. चोचीचं पिवळं टोक तेवढं चमकत होतं.

अप्पांनी डोळे उघडले. मला बघितलं. आणि फोनसकट हात मनगटापासून वर केला: थांब.

मामांनी माझा दंड धरला. "मागनं वळसा घालून जाऊ. उटायचं न्हाय ते." वळसा म्हणजे वीस मिनिटं. अप्पांची मान परत खाली गेली.

"मसणात जाऊ दे बदक," मी म्हणाले, मोठ्यानं म्हणाले, आणि सरळ गेले.

ते फडफडत माझ्या तोंडावरून उडालं. गवतात नऊ अंडी होती, मळकट पांढरी. अप्पांनी डोळे मिटून घेतले. मला त्या अंड्यांचं त्या वेळी काही वाटलं नाही, खोटं कशाला सांगू. मला माझा बाप हवा होता.

सरळ ओढलं तर गाळ माणूस सोडत नाही, उलट हाडं मोडतात. मामांनी बाज आडवी टाकली, पेंढ्या पसरल्या, काखेतून दोर घातला आणि पायांच्या बाजूनं हातानं गाळ उकरून पाणी सोडत राहिले. थोडं पाणी, थोडी ओढ. मधेच मामा उठले, डोक्याचा पटका सोडला, पाण्यात बुचकळला, अंड्यांवर दोन काड्यांच्या आधारानं सावली केली आणि वर गवत टाकलं. मी त्यांना नको ते बोलले. त्यांनी ऐकून घेतलं आणि परत दोर धरला. अर्ध्या तासानं गाळानं अप्पांना सोडलं, चप्पल आणि काठी ठेवून घेतली.

मामांनी फोन केला तशी गावातली पोरं आली, बाजेवर घालून काठावर आणलं. बाभळीखाली ठेवलं. एकशे आठची गाडी रेल्वेच्या फाटकापर्यंत आली होती, दहा मिनिटं लागणार होती. मी पदर भिजवून त्यांच्या तोंडात थेंब थेंब पिळत होते. तोंडावरचा गाळ पुसला तेव्हा डोळे उघडले, स्वच्छ होते. ते बदक परत बसलं की नाही मला माहीत नाही. बिरप्पामामा म्हणतात बसलं, पण मामा माझं मन राखायला काहीही सांगतील.

पोरं बाजूला झाली होती. मी वाकले. "अप्पा, दवाखान्यात न्यायला गाडी येतीय. भीती वाटतीय का?"

"न्हाय," म्हणाले. आता तो शब्द सहज आला.

मला तेवढ्यावर थांबता आलं असतं. शहाण्या बाईनं थांबायचं असतं. पण मला एक न्हाय अजून हवा होता, फार हवा होता. त्या एका शब्दावर मी पुढचं सगळं आयुष्य काढलं असतं.

"अप्पा, काल मी बोलले. ते मनावर घेऊन गेला होता का?"

अप्पांनी माझ्याकडं बघितलं. घाई केली नाही. दोन्ही शब्द त्यांच्यापाशी होते. डावा हात उचलून त्यांनी माझ्या गालावर ठेवला, गाळानं थंड झालेला, आणि म्हणाले,

"व्हय."

मी परत विचारलं नाही.